डोक्यातल्या मावश्या

“च... च...” काकांनी ओठ पुढे काढले, डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पुन्हा जोर लावला. “च...”

“चहा का?” मॅडमनी विचारलं.

“चष्मा मागत असेल. वहिनी, चष्मा कुठे असतो त्याचा?” सदानंदराव उठून टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून शोधायलाही लागले.

“चादर घालू का पायांवर? पंखा फार आहे का?” मॅडमनी वाकून नवऱ्याच्या पावलांना हात लावून पाहिला. मग कमरेला खोचलेला स्वच्छ रुमाल काढून त्यांच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात साचलेली लाळ अलगद टिपली. रुमाल तोंडावर आला तसे काका थांबले. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि डोळे मिटून घेतले.

“दमले,” मॅडम म्हणाल्या.

मी दारातच उभी होते. एका हातात सूक्ष्मदर्शकाची जड पेटी, दुसऱ्या हातात काचपट्ट्यांचा डबा, आणि दोन्ही हात अडकलेले असताना चपला कशा काढाव्यात या पेचात. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पाच महिने त्या घरात कुणाचंच दुसरीकडे लक्ष नसायचं.

मॅडम म्हणजे डॉ. नलिनी उकिडवे, माझ्या पीएच.डी.च्या गाईड. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून स्ट्रोक झाला की चेतापेशी का मरतात आणि किती काळ मरत राहतात, यावर त्यांनी वीस वर्षं घालवली होती. अशा बाईच्या नवऱ्यालाच स्ट्रोक व्हावा, याला काय म्हणावं? त्र्यंबककाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. पाच महिन्यांपूर्वी उजवी बाजू लुळी पडली होती, ती हळूहळू सुधारत होती. काठी धरून न्हाणीघरापर्यंत जायचे. पण वाचा गेली ती गेलीच. आणि हा माणूस असा, की याच्या तोंडाला पूर्वी कुलूप म्हणून नसायचं. मी पहिल्यांदा त्यांच्या डहाणूकर कॉलनीतल्या घरी गेले तेव्हा “इचलकरंजीची ना तू? मग पंचगंगेचं पाणी कुणी नासवलं ते सांग,” म्हणून त्यांनी तासभर माझ्याशी वाद घातला होता. मॅडम तेव्हा कोपऱ्यात बसून हसत होत्या. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. घरातलं बोलण्याचं खातं काकांकडेच होतं.

“ये तेरदाळे, ठेव ते जेवणाच्या टेबलावर,” मॅडमना आता मी दिसले. “भावजी, ही मीनल. माझी विद्यार्थिनी. पुढचे काही दिवस काम इथेच करणार आहोत. मला घर सोडता येत नाही ना.”

सदानंदराव काकांचे धाकटे भाऊ. साताऱ्याला बँकेत होते, आता तेही निवृत्त. माणूस साधा आणि मायेचा. आवाज खाली आणून ते म्हणाले, “वहिनी, तेच तर म्हणतोय मी. किती दिवस असं घर धरून बसणार? तुमची कंबर गेली, वजन निम्म्यावर आलं. वाईच्या त्या संस्थेत मी स्वतः जाऊन पाहून आलोय. चोवीस तास माणसं आहेत, बाग आहे, घाटावर वारं येतं. दादाची सगळी देखभाल होईल.”

“ते मला दिसतंय हो. पण...”

“पण काय? बोलणं शिकवणाऱ्या बाईंनीसुद्धा सांगितलं ना, की हे प्रयत्नच करत नाहीत म्हणून? मग इथे काय आणि तिथे काय, त्याला काय कळतंय?”

मॅडमनी काकांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, गुडघ्यावर पडलेला एक धागा उचलला.

“रविवारी गाडी घेऊन येतो,” सदानंदराव म्हणाले. “तुम्ही फक्त त्याचे कपडे काढून ठेवा.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या.

तो गुरुवार होता. काकांचे डोळे मिटलेलेच होते, पण मिटलेल्या पापण्या हलत होत्या. मला वाटलं ते ऐकताहेत. मग वाटलं, आपल्याला काय ठाऊक? मॅडम इतकी वर्षं मेंदू बघताहेत, त्या सांगतील ते खरं.

आता आम्ही करत काय होतो, ते सांगते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. मेंदूची राखण आणि साफसफाई हे त्यांचं काम. एरवी त्या बारीक बारीक हात पसरून आपापल्या हद्दीत उभ्या असतात, शेजारच्या चेतापेशींना चाचपून सगळं ठीक आहे ना बघतात. कुठे रक्त पोहोचेनासं झालं की हात आखडून गोल होतात, तिकडे धावतात आणि मेलेलं सगळं गिळून जागा साफ करतात. लॅबमधल्या पोरांनी त्यांचं नाव मावश्या ठेवलं होतं. मॅडमना ते आवडायचं नाही. “पेशींशी नाती जोडू नका, मग मोजताना हात कापतो,” असं त्या म्हणायच्या. पण एकदा त्यांच्याच तोंडून भर सभेत ‘मावश्या’ निघून गेलं, आणि तेव्हापासून त्यांनी तो विषय सोडला.

मॅडमचा प्रश्न या मावश्यांबद्दलच होता. स्ट्रोकमध्ये मधल्या भागातल्या चेतापेशी लगेच मरतात, त्यांचं काही करता येत नाही. पण जखमेच्या काठावर अशा पुष्कळ पेशी असतात ज्या मेलेल्या नसतात, नुसत्या हबकलेल्या असतात. निरोप पाठवत नाहीत, घेत नाहीत, गप्प बसतात. मरणारी पेशी आपल्या बाहेरच्या अंगावर एक खूण दाखवते, मला उचला म्हणून. या हबकलेल्या पेशींच्या अंगावरही तीच खूण उमटते. वेळ मिळाला तर त्या ती मागे घेतात आणि पुन्हा कामाला लागतात. पण मावश्या तेवढा वेळ देतात का? मॅडमना संशय होता, की देत नाहीत. खूण दिसली की गिळून मोकळ्या होतात. बाकीचे मोठमोठे लोक म्हणायचे, छे, ज्या गिळल्या त्या मरणारच होत्या. हा वाद वीस वर्षं चालला होता आणि मॅडम त्यात जवळजवळ एकट्या होत्या.

म्हणून आमचा प्रयोग. उंदरांचे दोन गट, दोन्हींना सारखाच स्ट्रोक. एका गटाला असं औषध, की सुरुवातीचे काही दिवस मावश्यांचं तोंड बंद राहावं. मग सगळ्यांच्या मेंदूच्या चकत्या काचपट्टीवर घेऊन काठावरच्या जिवंत चेतापेशी मोजायच्या. गप्प पेशी मरणारच असतील, तर दोन्हीकडे आकडा सारखा यायला हवा. कुठली पट्टी कुठल्या गटाची हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी नावांवर हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि पिवळा कोण, हिरवा कोण, हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. मोजणाऱ्याच्या मनात आशा असली की डोळा फसवतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि मोजण्याचा त्यांचा कायदा कडक होता. भिंगाखालचा एक तुकडा पुरा होईपर्यंत मान वर करायची नाही, बोलायचं नाही, कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही. मोजणी तुटली तर तो तुकडा पहिल्यापासून. एकदा लॅबमध्ये धूर झाला होता, तेव्हाही आमचा एक पोरगा आधी तुकडा पुरा करून मग पळाला.

शुक्रवारी दुपारी मॅडमना आमच्या संशोधन संस्थेत बैठकीला जाणं भाग पडलं. सदानंदराव साताऱ्याला परतले होते. मॅडम निघताना दहा वेळा दारातून मागे आल्या. “रुमाल इथे आहे. तोंड सारखं पुसावं लागतं. पाणी चमच्याने दे. काही मागायला लागले तर एकेक नाव घेऊन विचार. नाहीतर जाऊ दे, मागत नाहीत ते काही. चहा देऊन ठेवलाय.”

“जा तुम्ही मॅडम. मी आहे ना.”

त्या गेल्या आणि मी लगेच पिवळ्या पट्ट्या काढल्या. काकांची खुर्ची माझ्या मागे, खिडकीशी. माझी पाठ त्यांच्याकडे. हातातला मोजणीचा क्लिकर टकटक वाजत होता आणि काठावरच्या जांभळ्या पेशी मी एकेक करून मोजत होते.

“ग...”

मी ऐकलं. पण तुकडा अर्ध्यात होता. डावा हात वर करून मी मागच्या मागे पंजा दाखवला, थांबा म्हणून.

“गा...”

आता मनात आलं, उठावं का? पण इतक्या पेशी पुन्हा मोजायच्या म्हणजे जिवावर आलं होतं. मी खरंच त्यांच्या काळजीने थांबले नव्हते. आळसाने थांबले होते. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला, शेजारी कुकरची शिट्टी झाली. मागे खुर्ची करकरली, श्वास जोराने आत ओढल्याचा आवाज आला. मी मोजत राहिले.

“गार.”

तुकडा संपला. मी वळले. काका माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा डावा हात चहाच्या कपाकडे होता.

“चहा गार झाला का...” मी बोलायला लागले आणि त्यांनी कपाळाला अशी आठी घातली, की मी वाक्य तिथेच गिळलं. ती आठी मला ओळखीची होती. पंचगंगेच्या वादात मी मध्येच बोलले की ती पडायची. मी गप्प उभी राहिले. लाळेचा थेंब हनुवटीवर आला. रुमाल समोरच होता, पण कशी कोण जाणे, मला तो उचलावासा वाटला नाही. बराच वेळ गेला. खरोखर बराच.

“चहा,” काका म्हणाले. मग दमून थांबले, आणि सावकाश पुढचं टाकलं, “गार.”

मी धावत जाऊन चहा तापवून आणला. आणून दिला तेव्हा त्यांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता मान डोलावली, हॉटेलात वेटरला दाद द्यावी तशी. मला रडूही येत होतं आणि हसूही.

मग मी पुन्हा पाठ करून मोजायला बसले. आता मात्र मुद्दाम. मधूनमधून मागून आवाज यायचा आणि मी वळायची नाही. असं त्या दुपारी त्यांनी ‘पंखा’ म्हटलं, ‘नको’ म्हटलं, आणि एकदा एक शिवी, जी इंजिनियर लोक बहुधा ठेकेदारांसाठी राखून ठेवतात.

चारच्या सुमाराला त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. “क...” मी थांबले. “काय?” त्यांनी शब्द पुरा केला.

“बघायचंय?” मी यंत्र उचलून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं, त्यांना वाकायला मदत केली. जखमेचा काठ लावून दिला. “काका, हे जांभळं दिसतंय ना, त्या चेतापेशी. आणि मध्ये तपकिरी गोळे आहेत, त्या मावश्या. मॅडमचं सगळं आयुष्य या मावश्यांत गेलं बघा.”

काका एका डोळ्याने बघत होते.

“या जांभळ्या पेशी मेलेल्या नाहीत. धक्का बसलाय म्हणून नुसत्या गप्प आहेत. पण मावश्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. वाईट हेतू नाही हं त्यांचा, जागा स्वच्छ ठेवावी म्हणूनच त्या धावतात. पण समोरचा गप्प दिसला की थोडं थांबावं, त्याला सावरू द्यावं, हे त्यांना जमत नाही. आवरून टाकतात.”

काकांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, त्यांना फिट आली की काय असं वाटलं. पण ते हसत होते. अर्ध्याच तोंडाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग त्यांनी बोट उचललं, त्या भिंगाकडे दाखवलं, आणि फार कष्टाने, ओठ दोनदा चुकवून, एक शब्द काढला.

“न... नलू.”

मला समजायला क्षण लागला. मी काय बोलून बसले होते, ते माझ्याआधी त्यांना कळलं होतं.

मॅडम संध्याकाळी आल्या. आल्या त्या सरळ काकांकडे गेल्या, तोंड पुसलं, हनुवटीवरचा वाळलेला डाग ओल्या फडक्याने काढला, सदरा बदलला. माझ्याकडे थोडं नाराजीनेच पाहिलं. मग हात धुऊन टेबलाशी आल्या. “झालं मोजून?”

“हिरव्या कालच झाल्या होत्या, पिवळ्या आज झाल्या. पिवळ्यांमध्ये जिवंत पेशी जवळजवळ दुप्पट आहेत मॅडम. प्रत्येक पट्टीत. मधली जागा मात्र फार घाण आहे, सगळा कचरा तसाच पडलाय.”

मॅडम खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पिवळ्या म्हणजे औषधवाल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “मावश्यांना थोपवून धरलं होतं त्या. म्हणजे काठावरच्या त्या मरणार नव्हत्या तेरदाळे. इतकी वर्षं सगळे मला सांगत होते, मरणारच होत्या म्हणून.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी नाचले असते. माझा प्रबंध त्या एका वाक्यात पुरा झाला होता. मॅडमच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांनी रंग आला होता आणि मला तो बघवत नव्हता.

“तुझं काय झालंय? बरं नाही का?” त्यांनी विचारलं. “यांनी त्रास दिला?”

“नाही. मॅडम, काका बोलले.”

“काय बोलले?”

“चहा गार झालाय म्हणाले. पंखा नको म्हणाले. आणि... तुमचं नाव घेतलं. नलू.”

मॅडम उठून उभ्याच राहिल्या. पाच महिन्यांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती. त्या नावाने हाक मारणारा दुसरा माणूसच जगात उरला नव्हता. त्या काकांपुढे गुडघ्यावर बसल्या. “अहो, मला हाक मारलीत? म्हणा ना. नलू. सोपं आहे, न आणि लू. म्हणा, न...” काकांनी ओठ हलवले, लाळ आली, रुमाल आला. काकांनी डोळे मिटले.

मॅडम परत आल्या. “तुला भास झाला असेल,” असं त्यांना म्हणायचं होतं, पण म्हणाल्या नाहीत. “कशावरून म्हणाले? काय चाललं होतं तेव्हा?”

खोटं बोलणं फार सोपं होतं. तुमची आठवण काढली, एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. रविवारी गाडी आली असती, काका वाईला गेले असते, मॅडम ते एक नाव उराशी धरून राहिल्या असत्या. माझी पीएच.डी. त्यांच्या एका सहीवर अडलेली होती. मला भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज नाही.

“मी त्यांना मावश्या दाखवत होते,” मी म्हटलं. “म्हटलं, या वाईट नाहीत, पण समोरचा गप्प झाला की थांबत नाहीत, आवरून टाकतात. तर काका हसले. पोटभर हसले. आणि भिंगाकडे बोट करून तुमचं नाव घेतलं.”

मॅडमनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

“रागावू नका मॅडम. मी काही विशेष केलं नाही. मोजत होते म्हणून मला बोलता आलं नाही, उठता आलं नाही. त्यांना एक शब्द काढायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच नाही. तेवढ्यात आपण तिघं तीन शब्द सुचवतो. आणि तोंड पुसतो.”

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी माझी पिशवी भरायला घेतली. आता दुसरा गाईड शोधावा लागणार, असं मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

मॅडम बाहेर आल्या त्या पदराने हात पुसत. “एका नगावर निष्कर्ष काढायचा नसतो,” त्या म्हणाल्या, नेहमीच्या कोरड्या आवाजात. “ठेव ती पिशवी. हिरव्यांतली शेवटची पट्टी दे. मी पुन्हा मोजते, तू लिहून घे.”

त्यांनी खुर्ची फिरवली, काकांकडे पाठ केली आणि भिंगाला डोळा लावला. आम्ही बसलो. क्लिकर वाजत होता. बाहेर कॉलनीतल्या बायका फिरायला निघाल्या होत्या, त्यांचं बोलणं आलं आणि गेलं. मागून आवाज झाला, “न...”

मॅडमचे खांदे ताठ झाले. त्यांचा हात कमरेच्या रुमालाकडे गेला आणि मी तो मनगटापाशी धरला. माझ्या गाईडचा हात मी धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“न...” परत. मग नुसता श्वास. मॅडमच्या मनगटातली शीर माझ्या बोटांखाली उडत होती. “न... लू.”

“ऐकतेय मी,” मॅडम भिंगातच म्हणाल्या.

पुन्हा शांतता. इतकी लांब, की मलाच मागे वळून शब्द पुरवावासा वाटला.

“चि... चिव... डा.”

मॅडमनी मान वर केली. “चिवडा?”

मागे काकांनी मोठ्याने सुस्कारा सोडला. कालपासून, किंवा देव जाणे किती महिन्यांपासून, तो माणूस चिवडा मागत होता आणि आम्ही त्याला चादर घालत होतो.

“मी गिळत होते यांना, तेरदाळे,” मॅडम म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला लगेच दिसलं असतं.”

त्यांनी मला काकांच्या डब्यातून चिवडा आणायला सांगितला. तो खवट झाला होता, तरी काकांनी एकेक पोहा जिभेवर ठेवून तो खाल्ला.

“रविवारी ये,” मी निघताना मॅडम म्हणाल्या. “मला एकटीला हात आवरता यायचे नाहीत.”

रविवारी सदानंदराव वेळेवर आले. कपडे काढून ठेवलेले नाहीत हे पाहून त्यांनी स्वतःच आतून बॅग आणली, कपाटातले सदरे भरले, काकांची काठी दाराशी लावली. “वहिनी, मला कळतंय तुम्हाला जड जातंय. म्हणून तर मी करतोय सगळं.”

“भावजी, बसा जरा. यांना विचारलेलं नाही अजून.”

“त्याला काय विचारायचं?”

“वाईला येतोस का, असं विचारा. आणि मग काही बोलू नका. मी सांगेपर्यंत एक शब्द नाही.”

सदानंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, ही बाई खचलीय का म्हणून. मग वहिनीचं मन राखायला काकांसमोर खुर्ची ओढून बसले. “दादा, वाईला येतोस ना? मी आहे सोबत. छान जागा आहे.”

काकांनी भावाकडे पाहिलं. ओठ हलले. काही आलं नाही. मॅडम कोचावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. काकांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. कोपऱ्यातून लाळ सुटली, हनुवटीवर आली, धुतलेल्या सदऱ्यावर पडली. मॅडम तिच्याकडे बघत होत्या आणि हलल्या नाहीत. त्या बाईने आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम मी त्या कोचावर बघितलं, असं मला आजही वाटतं.

सदानंदरावांना ते सहन होईना. “राहू दे रे दादा, कशाला...”

“भावजी,” मॅडम म्हणाल्या.

ते गप्प झाले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. काकांनी डोळे मिटले, आणि मला वाटलं संपलं, आता ते उघडणार नाहीत. पण ते शब्द शोधत होते. त्यांनी डोळे उघडले.

“स... सदू.”

सदानंदरावांचं तोंड उघडंच राहिलं. पाच महिन्यांत त्यांना हाक आली नव्हती. त्यांनी उत्तर द्यायला तोंड हलवलं, मॅडमकडे पाहिलं आणि थांबले.

“वा... वाईला,” काका म्हणाले. पुन्हा श्वास घेतला. कपाळावर ती आठी पडली. “तू... जा.”

सदानंदराव उठले, भरलेली बॅग उचलून आतल्या खोलीत घेऊन गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.